घरच्या माणसाची उतराई

किशोरला जिमपर्यंत नेलं ते त्याच्या साखरेने. वय सेहेचाळीस, पाटबंधारे खात्यातली नोकरी, दुपारी डबा आणि संध्याकाळी राजकमल चौकातली कचोरी. या सगळ्यांनी मिळून रक्तात जे कालवून ठेवलं होतं त्याचा रिपोर्ट बघून डॉ. गावंडे म्हणाले, "किशोरभाऊ, आता हातपाय हलवा. नाहीतर आम्ही आहोतच." डॉक्टर स्वतः अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका जिममध्ये जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला आपल्या गाडीत घालून तिथे घेऊन गेले.

जिममध्ये ट्रेडमिलसमोर माणसं खोळंबली होती. कोपऱ्यात मात्र एक लांबुडकं यंत्र रिकामं होतं, आणि त्यावर लोक घामाचे टॉवेल वाळत घालायचे. सरकणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे आणि समोर साखळीला बांधलेली एक मूठ.

"हे नाव वल्हवाची मशीन हाये सर," जिममधला नितेश म्हणाला. "पाच मिंटात दम निघते मानसाचा. कोनी बसत नाई याच्यावर."

किशोर बसला. मूठ हातात आली, आणि पुढे काय करायचं ते त्याला कोणी सांगावं लागलं नाही. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागे, मग हात छातीशी. पंचवीस वर्षं खुर्चीत घातलेल्या त्या पाठीला सगळं आठवत होतं. यंत्रातला पंखा घुमायला लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. ट्रेडमिलवरचे लोक उतरून भोवती उभे राहिले. किशोर घामाने निथळत थांबला तेव्हा नितेशने विचारलं, "सर, कुठं शिकले हे तुमी?"

या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ होतं. कौंडण्यपूरच्या घाटावर, वर्धा नदीत, शालिकराम काकाच्या नावेत. किशोर सात वर्षांचा असताना बाप तापाने गेला, आई त्याच्या मागोमाग वर्षभरात गेली, आणि मूलबाळ नसलेल्या या चुलत्याने त्याला पदरात घेतलं. दिवसा नावेवर आणि रात्री कंदिलापुढे बसवून त्याला वाढवलं, अमरावतीच्या वसतिगृहात घातलं, पुढे इंजिनिअर होईपर्यंत नावेच्या कमाईतून शिकवलं. हे सगळं सांगायला लागलं असतं असंही नाही. 'आमच्या घरची नाव होती' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

किशोर म्हणाला, "नागपूरला. कॉलेजात होतो तेव्हा तिकडे बोट क्लब होता."

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. पण समोर डॉक्टर उभे होते, शेजारी लाल गाडीतून येणारे कॉन्ट्रॅक्टर उत्तमराव उभे होते, आणि त्यांच्यापुढे 'आम्ही भोई' म्हणायला त्याची जीभ रेटेना. ऑफिसातल्या कागदांवर त्याची जात लिहिलेली होतीच, तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. पण सकाळी सहाला जिममध्ये कागद कोण मागतो? आणि लाजेचं असंच असतं. लाज वाटण्यासारख्या गोष्टी माणूस खुशाल मिरवतो आणि ज्याच्या जिवावर उभा राहिला त्याचीच त्याला लाज वाटते.

तर बोट क्लब एकदा तोंडातून गेला आणि मग परत येईना.

वर्षभरात किशोरचं पोट आत गेलं, साखर ताब्यात आली. त्या कोपऱ्यात एकाची चार यंत्रं झाली, टॉवेल खुंटीवर गेले. डॉक्टर, उत्तमराव आणि आणखी पाचसात जणांचा एक गट जमला. व्हॉट्सॲपवर त्यांचा ग्रुप निघाला. कोणी किती मीटर मारले त्याचे फोटो रोज सकाळी पडू लागले. सगळे किशोरला 'कॅप्टन' म्हणायला लागले. कॅप्टन कौंडण्यपूरचे, हे डॉक्टरांना माहीत होतं. तेव्हा त्याच्या बोलण्यात तिथलं घरही वाढत गेलं. आधी नदीकाठी वावर आलं, मग वावरात विहीर आली, मग आजोबा गावातले मोठे शेतकरी झाले. खरे आजोबा नाव चालवता चालवता म्हातारे झाले होते आणि त्यांच्या नावावर जमीन होती ती बाभळीखालची, नाव उलटी करून डांबर लावण्यापुरती.

अकोल्याला मशीनवरच्या रोइंगच्या स्पर्धा झाल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या गटात किशोर पहिला आला. एका छोट्या पेपरचा वार्ताहर तिथे होता. त्यानेही तेच विचारलं, वल्हवायला कुठे शिकलात? चषक हातात, डॉक्टर आणि उत्तमराव दोन्ही बाजूंना. किशोरने नागपूरचा बोट क्लब सांगितला आणि वर म्हणाला, "खरं तर आमच्या घरात कोणीच या क्षेत्रातलं नव्हतं."

छापून आलं, फोटोसकट.

शालिकराम काकाला वाचता येत नाही. घाटावर चहाचं दुकान असलेल्या पार्बताबाईंच्या दुकानात तो पेपर आला. पार्बताबाईंनी तो भर दुकानात, चार गिऱ्हाइकांपुढे, मोठ्याने वाचून दाखवला. त्या शेवटच्या वाक्यापर्यंत आल्या, तिथे अडखळल्या आणि मग पुढची जाहिरातच वाचायला लागल्या. पण काकाने ऐकलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पेपरात आला ना बे तू! समद्या घाटानं पायलं."

"हो काका."

"फोटो लय झ्याक आला. आंगानंही सुदरला. पन ते खाली काहीबाही लिवलं हाये. घरात कोनी नोतं म्हनून. छापनाऱ्यानं गलत छापलं अशीन."

म्हाताऱ्याने पळवाट स्वतःच काढून दिली होती. किशोरने ती घेतली.

"हो, काका. पेपरवाल्यांचं काय, काहीही छापतात."

"मीनं तेच म्हनलं पार्बतीले," काका म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. नदी उतरवून दिल्याबद्दल नावाडी घेतो ती उतराई. शालिकरामच्या घराण्यात चालत आलेली रीत अशी, की घरच्या माणसाची आणि जातभाईची उतराई घ्यायची नाही. मग तो लखपती असो. फक्त एकाचीच घ्यायची. ज्याला पंचांनी आपल्यातून काढून टाकलं त्याची. त्याला नावेत बसायला कोणी मना करत नसे, कारण नदी कोणाच्या मालकीची नाही. पण उतरताना नावाडी त्याच्यापुढे हात पसरायचा. तोंडाने काही बोलायची गरज नसे. त्या हातावरून घाटाला काय ते कळायचं.

किशोरने हे लहानपणी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणाऱ्या एका माणसापुढे आज्याने असा हात पसरला होता. तो माणूस पैसे देऊन उतरला आणि काठावर बसून लहान पोरासारखा रडला. किशोरने विचारलं, त्याला कोणी मारलं का? तेव्हा शालिकराम काका म्हणाला होता, "मारलं अस्तं तं बरं झालं अस्तं त्याच्यासाठी."

पंच वगैरे आता कोणी राहिले नाहीत. वर पूल झाला, नावही आता कापूस वेचायला पलीकडे जाणाऱ्या बायांसाठी आणि जत्रेतल्या लोकांसाठी चालते. पण रीत काकाच्या हातात राहिली. नोकरी लागल्यावर किशोर गावी गेला की गमतीने खिशातून नोट काढून पुढे करायचा. काका त्याच्या हातावर चापट मारायचा. "ठेव बे खिशात. घरच्याची उतराई घेतली तं हात सडन माहा." दर वेळी दोघं हसायचे. पुढे गावी जाणंच कमी होत गेलं.

दिवाळी झाली आणि ग्रुपला पाण्याची हौस आली. किती दिवस लोखंड ओढायचं, एकदा नदीत उतरू, असं उत्तमरावांनी ठरवलं. कोणाकडून तरी दोन निमुळत्या फायबरच्या बोटी आणवल्या. आणि जायचं कुठे, तर अर्थातच कॅप्टनच्या गावी. किशोरने दुसऱ्या तलावांची नावं सुचवून बघितली. पाणी खोल आहे म्हणाला, घाट नीट नाही म्हणाला. पण "तुमचं गाव असताना आम्ही दुसरीकडे कशाला जायचं?" असं डॉक्टर म्हणाले. त्याने आपल्याच हाताने बांधलेलं घर होतं ते. आता पाहुणे ते बघायला निघाले होते.

आदल्या दिवशी काकाला फोन करावा असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण फोन करून सांगणार काय होता? मला ओळखू नकोस, हे काही फोनवर सांगता येत नाही.

सकाळी आठ माणसं घाटावर उतरली. टोप्या, काळे चष्मे, पायात नवेकोरे बूट. शालिकरामची नाव तेव्हा बायांना घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेलेली होती. किशोरचा जीव भांड्यात पडला. दोन्ही बोटी पाण्यात घालून त्यांनी फेऱ्या मारल्या, फोटो काढले, गटागटाने पलीकडच्या वाळूवर जाऊन फराळ केला. सगळं खरंच छान झालं. नदीला चांगलं पाणी होतं, ऊन कोवळं होतं, आणि कितीतरी वर्षांनी वर्धेच्या पाण्यावर हात चालवताना किशोरला इतकं बरं वाटलं की क्षणभर तो सगळं विसरला. मग दगडावर घासून एका बोटीची कड तडकली आणि आत पाणी यायला लागलं. दुसरीत दोघंच बसत. दोघांना तिच्यातून बोटी परत नेण्याच्या व्यवस्थेला पाठवलं आणि उरलेल्या सहा जणांसाठी उत्तमरावांनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "ओ नावाडी!"

नाव आली. वल्ह्यावर शालिकराम होता. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला मळका दुपट्टा. त्याने एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, ती किशोरवर येऊन थांबली, आणि त्याचं तोंड उघडलं. 'काहून बे' हे घरचे शब्द त्याच्या ओठांवर आलेले किशोरने बघितले.

किशोर घाईने म्हणाला, "चला, बसा सगळे. हे इथले नावाडी आहेत."

काकाने तोंड मिटलं.

नाव निघाली. डॉक्टर मनमोकळे आणि बोलके. त्यांनी विचारलं, "बाबा, आमच्या साहेबांना ओळखलं नाही का? तुमच्याच गावचे आहेत. यांचे आजोबा इथले मोठे शेतकरी होते."

काकाने वल्हं थांबवलं. नाव आपली पाण्यावर हळूहळू सरकत राहिली. त्याने किशोरकडे बघितलं, आणि वऱ्हाडात कोणीही म्हातारा कोणत्याही परक्या माणसाला विचारतो तो साधा प्रश्न विचारला.

"कोनाचे म्हनाचे तुमी?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हातारा दुसऱ्यांदा वाट मोकळी करून देत होता. पेपरातलं गलत छापलेलं इथे, सहा माणसांत, दुरुस्त करता आलं असतं. तुमचाच, काका, एवढं म्हटलं असतं तर डॉक्टर फार तर दोन मिनिटं गोंधळले असते आणि मग मोठ्याने हसले असते. उत्तमरावांनी म्हाताऱ्याबरोबर फोटो काढला असता. एवढंच झालं असतं. पण वर्षभर जपलेलं खोटं माणसाला पोटच्या पोरासारखं होतं, ते पाण्यात टाकवत नाही.

"आमचं घर वरच्या आळीत होतं," किशोर म्हणाला. "आता इथे आमचं कोणी नाही."

"बराबर हाये," शालिकराम म्हणाला आणि वल्हं पाण्यात घातलं.

काठ आला. सगळे उतरले. उत्तमराव पाकीट काढायला लागले तेव्हा किशोरने त्यांना अडवलं, कारण कॅप्टनच्या गावात पाहुण्यांनी खर्च करायचा नसतो. त्याने सहा जणांची उतराई पुढे केली. नोटा काकाच्या हातावर ठेवून त्याने आपला हात तसाच राहू दिला. आपल्या एकट्याचे पैसे परत येतील, निदान चापट तरी बसेल, असं त्याच्या हाताला वाटत होतं. काकाने मूठ मिटली, पैसे बंडीच्या खिशात टाकले आणि तो नावेतलं पाणी उपसायला बसला. पार्बताबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे बघितलं आणि त्या आत गेल्या.

घरी आल्यावर किशोरने बायकोला, साधनाला, सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. काकाने चार लोकांत कसं समजून घेतलं, तोंडातून शब्द काढला नाही, पैसेसुद्धा मुकाट्याने ठेवून घेतले, असं सांगितलं. "काकानं माझी लाज राखली," तो म्हणाला.

साधना भाजी निवडत होती. लग्न होऊन ती पहिल्यांदा त्या नावेत बसली तेव्हा काकाने पलीकडे नेऊन परत आणलं होतं, आणि काकाच्या बायकोने, शकुनकाकीने, जी आता नाही, काठावर तिची ओटी भरली होती.

"तुमची लाज राखली हे खरं," साधना म्हणाली. "त्यांची कोणी राखली?"

"अगं, त्यांना समजतं सगळं."

"मग जा आणि बोला. समजतं तर भ्यायचं कशाला?"

तो लगेच गेला नाही. ऑफिस होतं, जिम होती, ग्रुपवर नदीतले फोटो पडत होते. पण मशीनवर बसलं की हात चुकायला लागले. पाय रेटायच्या आधीच हात ओढायचे. नितेशने दोनदा हटकलं. शेवटी एका कामाच्या दिवशी रजा टाकून, साधनाने दिलेलं नवं धोतर आणि डॉक्टरांकडून आणलेली काकाच्या गुडघेदुखीवरची गोळी घेऊन किशोर एकटाच गाडीने कौंडण्यपूरला गेला.

नाव सुटण्याच्या बेतात होती. पलीकडे कापूस वेचायला चाललेल्या बाया आत बसल्या होत्या. पार्बताबाई दारातच होत्या. किशोरने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज दिला, "काका!"

इथे काका म्हणायला काही किंमत पडत नव्हती. इथे सगळ्यांना ठाऊकच होतं.

शालिकरामने मान वर केली आणि बसायची खूण केली. किशोर पुढच्या फळीवर, लहानपणीच्या जागी बसला. धोतराची पिशवी मांडीवर. नाव निघाली. बाया एरवी घाटभर ऐकू जातील अशा बोलतात, त्या आज आपसातसुद्धा बोलल्या नाहीत.

"काका, त्या दिवशी माझं चुकलं," किशोर म्हणाला. "लोक होते, म्हणून..."

"पाय वर घ्या," शालिकराम म्हणाला. "पानी येऊन रायलं."

किशोरने पाय वर घेतले. तो पुढे बरंच बोलला. साधनाने आठवण काढली म्हणाला, गुडघ्याला गोळी आणली म्हणाला, चार दिवस अमरावतीला चला म्हणाला. म्हातारा पाण्याकडे बघून वल्हवत राहिला.

पलीकडे नाव लागली. बाया आपापले दहा रुपये फळीवर ठेवून उतरल्या आणि वावरांकडे गेल्या. किशोर बसून राहिला. याच नावेतून परत जायचं, वाटेत म्हातारा विरघळेल, असा त्याचा हिशेब होता.

शालिकरामने वल्हं आडवं ठेवलं. हात दुपट्ट्याला पुसला आणि तो किशोरपुढे पसरला.

"उतराई."

"काका, मी घरचा..."

"धा रुपये."

हात तसाच होता. घट्टे पडलेला हात. याच हाताने त्याला पोहायला शिकवताना हनुवटीखाली धरलं होतं. किशोरने खिशातून पन्नासची नोट काढून त्यावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते म्हाताऱ्याने बघितलं असावं, कारण सुटे काढायला त्याला वेळ लागला. पण त्याने ते काढले आणि किशोरच्या हातात दिले. धोतराची पिशवी उचलून तीही त्याच्या हातात दिली.

किशोर वाळूवर उतरला. नाव मागे सरली.

तो किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. ऊन डोक्यावर आलं. गाडी समोरच्या काठावर उभी होती आणि तिथेच शालिकराम नावेत पाठमोरा बसला होता. किशोरने हाक मारली, "काका!" म्हातारा हलला नाही. त्याने पुन्हा, जीव खाऊन, "काका" म्हणून हाक मारली. पार्बताबाई दुकानाबाहेर येऊन बघायला लागल्या. म्हातारा तसाच बसून राहिला.

मग किशोरने तोंडाशी हात धरले आणि तो ओरडला, "ओ नावाडी!"

शालिकराम उठला आणि त्याने नाव पाण्यात ढकलली.